विलगीकरणाचा खर्च कुणी भरायचा?

ताईंनो, या महिन्याच्या बैठकीत एक विषय मुद्दाम घ्या. उद्या पुन्हा साथ आली, आपल्यातल्या एखादीचा मुलगा किंवा नवरा लांबून घरी यायला निघाला आणि त्याला सक्तीनं विलगीकरणात राहावं लागलं, तर त्या दिवसांचा खर्च कुठनं आणायचा?

२०२० साल आठवा. मे महिन्यात खानापूर, आटपाडी, तासगावकडचे गलाई कामगार देशभरातून परतले. पाटण, जावळीची माथाडी माणसं मुंबईहून आली. कितीतरी गावांनी त्यांची सोय झेडपीच्या शाळेत केली. शाळेला भाडं नव्हतं, पण म्हणून ते दिवस फुकट गेले नाहीत. मजुरी बंद, डबा घरून, आणि गाडीभाड्याला काढलेले उसने पैसे डोक्यावर.

परदेशातून येणाऱ्यांना तर रोख मोजावे लागत. २४ मे २०२० च्या केंद्र सरकारच्या सूचनेनुसार १४ दिवस वेगळं राहायचं होतं. त्यातले पहिले ७ स्वखर्चाने बाहेर, पुढचे ७ घरी. समजा, खोलीचे रोज १,५०० रुपये धरले, तर ७ दिवसांचे १०,५०० झाले. आखातात काम सुटून आलेल्या माणसानं ते कुठनं भरायचे?

त्याच सूचनेत सवलतही होती. गरोदर बाई, घरात मृत्यू झालेला, गंभीर आजारी, सोबत १० वर्षांखालचं मूल असलेले आईबाप, अशांना १४ दिवस घरीच राहू देण्याची तरतूद होती. म्हणून आदेश आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. नियम दर वेळी बदलतात, तेव्हा ताजी प्रत ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत मागा. अर्ज माणूस निघण्याआधी करावा लागतो का, तेही विचारा. ऑगस्ट २०२० पासून सवलतीचा अर्ज प्रवासाच्या ७२ तास आधी करावा लागत होता. विमानातून उतरल्यावर धावपळ करून काय उपयोग?

खर्चाची धास्ती बसली की माणूस आडवाटेनं गावात शिरतो, ताप लपवतो. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी सक्तीच्या तपासणीला आणि छावणीला भिऊन लोकांनी आजारी माणसं लपवली होती. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई तेव्हा रुग्णांना मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात नेत होत्या. त्यातच त्या १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

आता पैशाचं. गटाच्या बचतीला लगेच हात लावू नका, ती सगळ्यांची आहे. आधी ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी बघा. अडचणीतल्या कुटुंबासाठीच तो असतो. मदत म्हणून द्यायचे की बिनव्याजी परतफेडीनं, हप्ता कधीपासून, हे साथ नसताना ठरवून ठराव लिहून ठेवा. माझ्या मते पहिला हप्ता माणूस कामाला लागल्यावरच घ्यावा. आल्या आल्या वसुलीला गेलात तर ती बाई सावकाराकडं जाईल, आणि मग आपला गट कशाला हवा?

घर सभासदाचं नसेल तर निधीचे नियम आडवे येऊ शकतात. तिथं वेगळी वर्गणी काढा, वेगळी पावती फाडा, दोन्ही हिशेब एकत्र करू नका. मदत घेणाऱ्याचं नाव ठरावात येणारच, पण ते पारावर जाता कामा नये. सचिवताईंनी याकडं विशेष लक्ष द्यावं.

पैसे नसले तरी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. डब्याची पाळी लावा. मधुमेहाचं माणूस असेल तर डबा वेळेत पोचवा, गोळ्या आशाताईंना विचारून द्या. घरी विलगीकरण म्हणजे वेगळी खोली नि वेगळा संडास. दोन खणांच्या घरात ते कसं जमणार? गावात कुणाचं रिकामं घर आहे, त्याची किल्ली कुणाकडं असते, तिथं पाणी येतं का, एवढं तरी याच बैठकीत वहीत टिपून घ्या.