‘डाउन’ या शब्दाविषयी विचार

कोल्हापुरातील शाहूपुरी ही व्यापारी पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसविली व तेथे गुळाचा व्यापार वाढला. व्यापारात भाव चढतात तसे उतरतातही. अशा वेळी हल्ली ‘भाव डाउन झाला’ असे सहज म्हटले जाते.

इंग्रजी शब्द घेणे हा दोष नव्हे. ‘नापास’ या शब्दात ‘ना’ फारसी व ‘पास’ इंग्रजी आहे, तरी तो आपलाच झाला आहे. परंतु ‘डाउन’ हा शब्द मनुष्यास लावताना सावध असावे. व्यापार थंडावला तर ती मंदी. देणे फेडवेना तर ते दिवाळे. वरची जागा जाऊन खालची मिळाली तर ती पदावनती. आचरण बिघडले तर ती अधोगती. चोहोंस एकच नाव दिले, तर मंदीत सापडलेल्या प्रामाणिक मनुष्याविषयीही ऐकणाराच्या मनात संशय राहतो. साहाय्यही चुकते: मंदीत मुदत पाहिजे, दिवाळ्यात हिशेब व तडजोड, पदावनतीत धीर, अधोगतीत स्पष्ट बोध.

म्हणून वाचकहो, शेजाऱ्याविषयी ‘तो डाउन झाला’ असे बोलण्यापूर्वी त्याचे काय उतरले, भाव, पत, पद की शील, हे आधी पाहावे.