पखवाज त्यांच्याच हाती दे

चि. पोरी,


अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीजवळच्या बायकांचं भजनी मंडळ तू शिकवायला घेतलंस, ऐकून फार बरं वाटलं. पण फोनवर म्हणालीस, ‘त्या गातील, पेटीला मी बसेन, पखवाजाला एखादा मुलगा बोलावू.’ असं करू नकोस.

महिला मंडळं गावोगाव आहेत, पण कित्येक ठिकाणी बायकांच्या हाती फक्त टाळ. पखवाजी आला नाही की भजन रद्द. जनाबाई, बहिणाबाईंचे अभंग गायचे आणि ठेका मात्र उसना, हे मला पटत नाही. आबान मिस्त्री (1940–2012) या बाई मुंबईत तबल्याचं एकलवादन करत, पखवाज-तबल्याच्या घराण्यांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. मग साठीतल्या बाईने निदान भजनी ठेका का धरू नये?

घाई मात्र नको. आठ मात्रांचा ठेका, महिनाभर तेवढाच. आधी टाळी देत तोंडाने बोल, मग हात. जिचे सांधे धरलेत तिला धुमेची बाजू आधी शिकव. तिथे उघडा पंजा लागतो, बोटांची चपळाई नाही. धुमेला लावायची कणीक किती सैल, किती घट्ट, हे त्यांना सांगायला जाऊ नकोस. एकदा नाद ऐकव, पाण्याचा हात लावून त्या बरोबर जमवतील.

पट्टी त्यांच्या गळ्याने ठरव. काळी चारला वरचा सा ओढावा लागत असेल तर काळी तीनला ये, आणखी खाली ये. वयाबरोबर गळाही थोडा उतरतो, त्यात कमीपणा कसला?

तिकडे ऑर्डनन्स फॅक्टरी, पूर्वीची विम्को, केमिकलच्या कंपन्या. नवऱ्याच्या नोकरीपायी कुणी साताऱ्याहून आली, कुणी कोकणातून, कुणी खानदेशातून. एकाच अभंगाच्या प्रत्येकीकडे वेगळ्या चाली असतील. त्या मोडू नकोस. जिची चाल तिनेच बाकीच्यांना शिकवावी. गावठाणातली एखादी आगरी आजी लग्नातले धवले जाणणारी निघाली, तर तू तिच्यापुढे शिकायला बस. वर्षानुवर्षं एका नळावर पाणी भरून ज्यांना एकमेकींची नावं ठाऊक नसतात, त्या अशाच चालीवरून भांडता भांडता मैत्रिणी होतात. हजेरी घेताना ‘अमक्याची आई’ म्हणू नकोस, प्रत्येकीचं स्वतःचं नाव घे.

पहिली सेवा शिवमंदिरात करा, पण महाशिवरात्रीच्या गर्दीत नको. एखाद्या साध्या सोमवारी, कारखान्यांच्या पाळ्यांच्या आणि नातवंडांच्या शाळेच्या वेळा सांभाळून. 1060 सालचं ते देऊळ, तिथे पेटीवरही त्यांच्यातलीच कुणी बसलेली असू दे. तू मागे टाळ घेऊन बस.

माझा जुना पखवाज येऊन घेऊन जा. शाई नवी घालून ठेवली आहे.

तुझी,
मावशी