कार्यानुभवाचा पाठ : रफू करणे
(इयत्ता पाचवी ते सातवी)

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील घरोघरी वाकळ शिवण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे धावदोरा मुलांना पाहून ठाऊक असतो. परंतु धावदोऱ्याने फाटलेल्या कडा ओढून जोडल्या की तेथे चुणी पडते व शेजारचे कापड फाटते. रफूमध्ये गेलेल्या धाग्यांच्या जागी नवे धागे विणले जातात. म्हणून रफू हे शिवण्यापेक्षा विणण्याचे काम होय.

साहित्य : गोणपाटाचा वीतभर तुकडा, दाभण, रंगीत सुतळी, पुढे जुने सुती कापड, बारीक सुई व दोरा.

कृती :
(१) गोणपाटातील उभे व आडवे धागे मुलांकडून ओळखून घ्यावेत. मग मध्यभागी बोटभर रुंदीचे भोक पाडावे.
(२) दोऱ्यास गाठ मारू नये. ती अंगास टोचते. भोकापासून सुमारे एक सेंटिमीटर अलीकडे, पक्क्या कापडातून आरंभ करावा.
(३) प्रथम उभे धागे शेजारी शेजारी भरावेत. प्रत्येक वळणावर दोरा किंचित सैल सोडावा, म्हणजे धुतल्यावर तो आखडला तरी कापड ओढले जात नाही.
(४) नंतर आडवा दोरा एका धाग्यावरून व दुसऱ्याखालून न्यावा. पुढील ओळीत हा क्रम उलटा करावा.
हात बसल्यावर हेच काम सुती कापडावर घ्यावे. कपड्याच्याच आतील दुमडीतून दोरा काढल्यास रंग जुळतो. भोक मोठे असल्यास ठिगळ लावणेच योग्य.

शिक्षकांस सूचना : वर्गातील कोणाही मुलाचा फाटका सदरा नमुना म्हणून घेऊ नये. मोफत गणवेश मिळाला तरी वर्षअखेरीस तो कोपरांवर विरतो, आणि सोबती हसतील या धास्तीने एखादे मूल शाळा चुकवू लागते. त्याच्या गरजेची वर्गात वाच्यता होता कामा नये. शिक्षकाने स्वतःचे विरलेले वस्त्र आणून सर्वांसमक्ष रफू करावे.

हा पाठ केवळ मुलींसाठी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सातारा येथे सुरू केलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगात निरनिराळ्या जातिधर्मांचे मुलगे एकत्र राहून आपली कामे आपणच करीत. त्याच जिल्ह्यातील मुलांना सुई धरण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही.

मूल्यमापन : काम उजेडाकडे धरून पाहावे. वीण सारखी दिसावी व कापड सपाट राहावे, एवढे पुरे.