टेंडरात 371 जे चालत नाही

कचरा गोळा करायच्या ढकलगाड्या आम्ही बनवतो. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण या पट्ट्यात आमचा माल वर्षानुवर्षं चालतो. तरी बिदर जिल्ह्यातल्या एका पालिकेने अशाच गाड्या मागवल्या तेव्हा आमचं टेंडर तांत्रिक छाननीतच बाद झालं. काम गेलं राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका व्यापाऱ्याला, ज्याच्याकडे साधं वेल्डिंग मशीन नाही.

कारण दिलं अनामत रकमेचं. उद्यम नोंदणी असली की अनामत माफ होते का, हे मी आधी खिडकीवर जाऊन विचारलं होतं. "चालतंय की, उद्यम लावा," असं तिथल्या कारकुनानेच सांगितलं. छाननीच्या दिवशी तोच माणूस मान खाली घालून कागद चाळत बसला आणि साहेब म्हणाले, "ती केंद्राची सवलत. आम्हाला लागू नाही." मी म्हटलं, "साहेब, आम्ही इथलेच. 371 जे आहे ना आमच्यासाठी?" त्यावर टेबलाभोवतीची सगळी मंडळी हसली. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं प्रत्येक सभेत पुढारी हेच सांगत आले की आता कल्याण कर्नाटकातलं काम इथल्याच माणसाला मिळणार. त्यांना कुणी हसलं नाही.

कायदा मात्र साहेबांच्या बाजूने होता. 2013 पासून लागू झालेलं राज्यघटनेचं हे 371 जे कलम शिक्षणातल्या जागा, सरकारी नोकऱ्या आणि विकास मंडळ यांच्यापुरतं आहे. खरेदीबद्दल त्यात काही नाही. मंडळाचा निधी आमच्या भागाच्या मागासलेपणाच्या नावाने येतो, मग त्या पैशाने माल घेताना आमच्या कारखान्यांचा विचार का नाही? हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

पावसाळा संपायच्या आत त्या गाड्यांचे सांधे उखडले आणि दुरुस्तीसाठी पालिकेचा माणूस आला तो आमच्याच दारात. मी लेखी ऑर्डर मागितली. ती आली नाही.

आता जे टेंडर भरणार आहेत त्यांच्यासाठी. पालिकांची खरेदी 1999 च्या पारदर्शकता कायद्याने, म्हणजे केटीपीपीने चालते. त्यात आरक्षण आहे ते अनुसूचित जाती-जमातींच्या आणि काही मागास प्रवर्गांच्या कंत्राटदारांना, ठरावीक रकमेपर्यंतच्या बांधकामांत: अनुसूचित जातींना 17.15 आणि जमातींना 6.95 टक्के. याच तालुक्याचा, याच जिल्ह्याचा म्हणून वेगळी जागा नाही. कुठलीही सवलत त्या टेंडरच्या कागदात छापलेली असेल तरच धरा. शंका असेल तर मुदतीआधी लेखी विचारा आणि पोच घ्या. खिडकीवरचं "चालतंय की" कुणी कबूल करत नाही. कन्नड नीट वाचता येत नसेल तर अटी आणि नंतरच्या दुरुस्त्या जाणत्याकडून वाचून घ्या. उलाढालीची अट कारखानदाराला वगळणारी वाटली तर हरकतही तेव्हाच घ्या, लिफाफा उघडल्यावर कुणी ऐकत नाही.

उद्यमची खरी ताकद केंद्राच्या खरेदीत आहे. 2012 च्या आदेशाने केंद्रीय खाती आणि उपक्रमांना वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यावी लागते, त्यात 3 टक्के महिला उद्योजकांकडून. तिथे अनामत माफ आहे. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला आणि तुम्ही त्या दरावर उतरायला तयार असलात, तर कामाचा हिस्सा मिळू शकतो. ही सवलत बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. बिदरला हवाई दलाचं केंद्र आहे, रेल्वे आहे. कलबुर्गीची रेल्वे तर सोलापूर विभागात येते, तिथे आपल्या भाषेत बोलायलाही माणूस भेटतो. आम्ही आता तिकडेच भरतो.

आणि अन्याय झाला वाटला तर केटीपीपीच्या कलम 16 खाली अपील करता येतं, आदेश हाती आल्यापासून 30 दिवसांत. पण आदेश हाती येईपर्यंत माल उतरून बिलही निघालेलं असतं. म्हणून बाद झाल्याचं पोर्टलवर दिसलं की त्याच दिवशी आदेशाच्या प्रतीसाठी अर्ज द्या आणि अर्जावर शिक्का मारून घ्या. आमच्याकडे तो शिक्का मारायला टाळाटाळ झाली, तेव्हा आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवला.