रंग आणि रंगाखालची तयारी

आपले घर सुशोभित दिसावे अशी इच्छा प्रत्येकास असते. दिवाळी अथवा नाताळ जवळ आला, की आपल्या बीड जिल्ह्यात खेडोपाडी कळीचा चुना भिजत पडतो, दारे-खिडक्या धुऊन निघतात व बाजारातून रंगाचे डबे घरी येऊ लागतात. परंतु रंगाची छटा निवडण्यात आपला जेवढा वेळ जातो, त्याचा चौथा हिस्साही ज्या वस्तूवर तो द्यावयाचा तिचा विचार करण्यात जात नाही. वास्तविक रंगकामाचे यशापयश बहुतांशी तेथेच ठरते. हीच गोष्ट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम रंग वाळतो म्हणजे काय होते, ते पाहू. भिंतीवरील चुन्यातील पाणी उडून जाते खरे. परंतु मागे राहिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. त्यात काव मिसळली म्हणजे तांबूस व पिवडी मिसळली म्हणजे पिवळा रंग मिळतो. तेलरंगाची रीत निराळी. आपल्याकडे शेतात पिकणाऱ्या जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. या क्रियेत उष्णताही उत्पन्न होते. म्हणून जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप पेट घेतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात, अथवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आता निवडीचा विचार करू. माळवदाच्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती ओल घेतात व सोडतात. त्यांस चुना मानवतो. तेलरंग दिल्यास ओल आत कोंडते आणि रंगास फोड येतात. सिमेंटचा नवा गिलावा पुरता वाळू द्यावा, कारण त्यातील क्षार तेलरंगाचा साबण करून टाकतो. चुन्याच्या जुन्या भिंतीस आधुनिक इमल्शन द्यावयाचे असल्यास सुटणारा चुना आधी खरवडून काढावा. नाहीतर चुन्याबरोबर रंगही पापुद्र्यांनी निघून येईल. लाकूड धुऊन वाळवावे, काचकागदाने रेषांच्या दिशेने घासावे, गाठींवर चपड्याचा हात द्यावा, मग अस्तर, मग लांबी. ती वाळल्यावर पुन्हा घासून रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. लोखंडाचा गंज काढून त्यास गंजरोधक अस्तर द्यावे.

रंग किती आणावा, हेही गणिताने काढता येते. साडेसहा फूट उंच व तीन फूट रुंद दाराच्या दोन बाजू मिळून 39 चौरस फूट होतात. दोन हातांस 78. एका लिटरात किती जागा रंगते, ते डब्यावर छापलेले असते. भागाकार विद्यार्थ्यांनीच करावा.

उतावळेपणाचे फळ आम्ही स्वतः भोगले आहे. एका आषाढात पुस्तकांचे जुने कपाट आम्ही न धुता, न घासता रंगविले आणि चार दिवसांनी पुस्तके रचली. दमट हवेत रंग वाळलाच नव्हता. पुस्तके काढू गेलो तो निम्म्यांची वेष्टने फळीस चिकटून राहिली. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामास उत्तम, हे तेव्हा पटले.

आपल्याच मराठवाड्यातील अजिंठ्याची लेणी या बाबतीत गुरुस्थानी आहेत. तेथील कारागिरांनी खडकावर भुसा व तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा केला, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि मगच काव, पिवडी, काजळ यांसारखे रंग भरले. त्यांतील कित्येक चित्रे सुमारे दीड हजार वर्षांनंतर आजही पाहावयास मिळतात. उलट, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत रक्षणाच्या सद्हेतूने त्यांवर दिलेले व्हार्निशचे लेप मात्र काही काळातच पिवळे पडले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पांढऱ्या, पिवळ्या व शेंदरी रंगांत, शिसे असे. त्याचा धोका नवा कळलेला नाही. 1921 साली जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने घरांच्या आतील रंगकामात शिसेयुक्त सफेद्यावर बंदी घालणारा करार केला होता. भारत सरकारने 2016 साली नियम केले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत दहा लक्ष भागांस 90 भागांहून अधिक शिसे असण्यास मनाई झाली. परंतु आजोबांच्या वेळचा पाळणा, जुने दार वा बाक यांवरील रंग त्यापूर्वीचाच असणार. पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट अधिक शोषून घेते व त्याने मेंदूची वाढ खुंटते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये व जाळून काढू नये. तो घट्ट असल्यास त्यावरच नवा हात द्यावा. सुटत असल्यास पाण्याने भिजवून काढावा, मुले व गरोदर स्त्रिया यांस दूर ठेवावे आणि धूळ केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. नवा डबा घेताना त्यावरील शिशाविषयीचा मजकूर वाचूनच पैसे द्यावेत.

प्रभूने बाहेरून सुंदर दिसणाऱ्या, चुना लावलेल्या कबरींचा दाखला शास्त्री व परूशी यांस दिला, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. रंगाने गंज झाकता येतो, थांबविता येत नाही. आधी आतील वस्तू स्वच्छ व निकोप करावी, मग तीस रंग चढवावा. हा नियम पाळण्याचा आरंभ विद्यार्थ्यांनी या सुट्टीत घरच्या एखाद्या लहानशा पाटापासून करावा, इतकेच आमचे सांगणे आहे.