लेहची हवा : विमानाची आणि माणसाची

वातावरणाचा दाब शिकवताना गेली कित्येक वर्षे मी फळ्यावर एक वक्ररेषा काढीत आलो आहे. उंची वाढते तसा दाब घटतो, एवढे सांगून खडू ठेवला की तास संपला. त्या वक्ररेषेवरचा एखादा बिंदू आपल्या घरच्या माणसाच्या छातीत जाऊन बसला तर काय होते, हे मात्र मला २०२३ च्या जूनमध्ये लेहला कळले.

प्रवासाची आखणी चिक्कडपल्लीतल्या आमच्या घरी, जेवणे आटोपल्यावर झाली. बरोबर माझी थोरली बहीण. अक्काचे वय ६३. नोकरीतून मोकळी झाल्यावर तिची एकच इच्छा होती, पँगाँगचे निळे पाणी पाहण्याची. सहल ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी पाच दिवसांचा कार्यक्रम पाठवला : पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी पँगाँगला मुक्काम. रजा थोडी, तिकिटे महाग. मी, पदार्थविज्ञानाचा अध्यापक, त्यावर खुशाल मान डोलावली.

दिल्लीहून पहाटे निघालेले विमान बर्फाच्या शिखरांवरून सिंधूच्या खोऱ्यात शिरले. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६७ टक्के. विमानाला मात्र दाबापेक्षा घनतेशी कर्तव्य. पंखांना मिळणारी उचल घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. तपमान २५ अंश धरले तर घनता प्रमाणित समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांवर येते. तेवढीच उचल हवी तर वेग सुमारे २४ टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि वेगाचा वर्ग दीडपटीच्या पुढे जातो. धावपट्टीवर जिरवायची गतिज ऊर्जाही तितकीच वाढते. उड्डाणाच्या वेळी तर इंजिनाचा जोरही विरळ हवेने उणावलेला असतो. त्यात चहूकडे डोंगर असल्याने विमाने एका बाजूने उतरतात आणि उलट दिशेने उडतात. दुपारी खोऱ्यात वारा सुटतो. तो पाठीमागून लागला तर दिशा बदलून उतरण्याची सोय नाही. म्हणून बहुतेक वाहतूक सकाळी उरकतात. २०२४ च्या जुलैअखेरीस लेहमध्ये इतका उकाडा झाला की अनेक उड्डाणे रद्द करावी लागली. बर्फाच्या मुलखात उन्हामुळे विमान अडते, हे परीक्षेत कोणी लिहिले असते तर मीच गुण कापले असते!

या जागी पहिले विमान २४ मे १९४८ रोजी उतरले. एअर कमोडोर मेहरसिंग यांनी डाकोटा आणले. शेजारी होते मेजर जनरल थिमय्या. (आपल्या कन्नड विभागातील मित्रांना हे नाव सांगायला नको, ते कोडगूचे.) सिंधूकाठची ती कच्ची धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने तयार करून घेतली होती. डाकोटाच्या आत दाब राखण्याची सोय नसे. आमच्या विमानात ती होती, आणि फसवणूक तिथेच झाली. दार उघडेपर्यंत शरीराला उंचीचा खरा पत्ताच लागला नव्हता.

एक प्रश्न वर्गात हमखास येतो : "सर, प्राणवायू तर वरही २१ टक्केच ना?" होय, २१ टक्केच, पण कमी झालेल्या दाबाचे २१ टक्के. हैदराबादेत मिळतो त्याच्या जेमतेम ७१ टक्के. ऊन वाढल्याने विमानाची अडचण वाढते, माणसाची फारशी नाही. त्याच्या फुप्फुसाला दाबाशी काम.

त्या रात्री अक्काचे डोके ठणकू लागले, दोनदा उलटी झाली. झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो. म्हणून दिवसा कुठे गेलो यापेक्षा रात्री कुठे निजलो याला महत्त्व. सकाळी गाडी दारात उभी. अक्का म्हणाली, "अरे, पैसे भरलेत. मी निजून येते गाडीत." मी नकाशा उघडला. पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर, आणि वाटेत पाच हजारांच्याही वरची चांग ला खिंड. तिथे रात्री प्रकृती बिघडली तर खाली यायलाही आधी तीच खिंड चढावी लागणार! आजाऱ्याला ताबडतोब खाली उतरवावे हा नियम, आणि वाट मात्र वर जाते. हे मला हैदराबादेत सुचायला हवे होते. शिकवण्याचे पगार घेतो मी.

गाडी परत पाठवली. आगाऊ रक्कम गेली, अक्का दिवसभर माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी तपासून दोन दिवस पूर्ण विश्रांती सांगितली. बसल्या जागी धाप लागली, पावले अडखळू लागली, बोलणे असंबद्ध झाले, तर क्षणभरही थांबू नका, असे बजावले. तशी वेळ आली नाही. चौथ्या दिवशी आम्ही अलचीला गेलो. ते गाव सिंधूच्या कडेने, लेहपेक्षा किंचित खालीच. वाटेत मोठी खिंड नाही. तिथल्या मठातली जुनी भित्तिचित्रे पाहताना अक्का प्रथम हसली.

नुब्राचा मुक्कामही लेहहून थोडा खाली आहे, पण मध्ये ५,३५९ मीटरची खार्दुंग ला; तेव्हा तोही पहिले दोन दिवस नको. सवड असेल त्याने श्रीनगरहून मोटारीने, कारगिलला २,६७६ मीटरवर रात्र काढून जावे. झोजी ला आणि फोटू ला लागतात, पण शरीराला उंचीची ओळख हळूहळू होते. गोळ्या घ्यायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच. परतीच्या विमानानंतर त्याच दिवशी दिल्लीहून पुढचे तिकीट काढू नये. लेहची हवा वेळापत्रक वाचत नाही.

अक्काने नवा कार्यक्रम स्वतः लिहून काढला आहे. नऊ दिवसांचा. पँगाँग सहाव्या दिवशी. तो तपासायला तिने मला दिलेला नाही.