प्रमाणपत्रामागची तपासणी

कारखान्याच्या प्रवेशद्वारावर किंवा रुग्णालयाच्या फलकावर ‘आय.एस.ओ. ९००१ प्रमाणित’ ही अक्षरे आज सर्रास आढळतात. तेथील वस्तू वा सेवा उत्तम असल्याची ही ग्वाही आहे, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः तसे नाही. आय.एस.आय. चिन्ह वस्तूविषयी असते. त्यासाठी वस्तूचे नमुने तपासले जातात. आय.एस.ओ. ९००१ हे मानक मात्र वस्तूविषयी नसून ती निर्माण करणाऱ्या कार्यव्यवस्थेविषयी आहे.

पूर्वी प्रत्येक मोठा ग्राहक आपल्या पुरवठादाराकडे स्वतःचे निरीक्षक पाठवीत असे. एकाच कारखान्याला अशा अनेक तपासण्यांना तोंड द्यावे लागे. सर्वांना मान्य होईल असे एकच मानक असावे, या गरजेतून ब्रिटनमध्ये १९७९ साली बी.एस. ५७५० हे मानक निघाले. त्याच्या आधारे १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ९००० ही मालिका प्रसिद्ध केली. ही संघटना केवळ मानके तयार करते. प्रमाणपत्रे देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्थांचे असते. या संस्थांची पात्रता तपासून त्यांना मान्यता देण्याचे काम भारतात भारतीय गुणवत्ता परिषदेचे एक मंडळ करते.

पहिल्या प्रमाणनाची तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात कागदपत्रे व संस्थेची तयारी पाहिली जाते. संस्थेने स्वतःच्या कामाची अंतर्गत तपासणी केली आहे काय, आणि तिचे निष्कर्ष वरिष्ठांनी विचारात घेतले आहेत काय, हेही येथे कळते. दुसऱ्या टप्प्यात कागदावर लिहिलेले प्रत्यक्षात घडते की नाही, हे जागेवर जाऊन पाहिले जाते.

उदाहरणार्थ, पंप तयार करणारा एखादा कारखाना घेऊ. परीक्षक रवाना होण्यासाठी ठेवलेला एक पंप निवडतो आणि त्याच्या क्रमांकावरून मागे मागे जातो. ग्राहकाची मागणी काय होती? दांड्याचा व्यास कोणी मोजला? कोणत्या मायक्रोमीटरने? त्या मायक्रोमीटरची प्रमाणित मापाशी पडताळणी केव्हा झाली? समजा, पडताळणीची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली आहे असे आढळले. परीक्षक ही ‘विसंगती’ पुराव्यासह नोंदवितो. मायक्रोमीटर लगेच पडताळून आणणे हे तात्पुरते काम झाले. मुदत लक्षात का राहिली नाही, याचे कारण शोधून ते दूर करावे लागते. शिवाय त्या चार महिन्यांत मोजलेल्या दांड्यांची मापे विश्वसनीय आहेत काय, हेही ठरवावे लागते. असा दोष एखाद्याच उपकरणापुरता असेल, तर तो सामान्यतः किरकोळ समजला जातो. पडताळणीची व्यवस्थाच कोलमडलेली असेल, तर तो गंभीर ठरतो व त्याचे निराकरण झाल्यावाचून प्रमाणपत्र मिळत नाही.

तपासणीचे शुल्क ज्याची तपासणी व्हावयाची तीच संस्था देते. निःपक्षपातीपणाला यात धोका आहे, हे उघड आहे. म्हणून काही बंधने घातलेली आहेत. प्रमाणन संस्थेला व्यवस्था उभारण्याचा सल्ला विकता येत नाही. परीक्षक केवळ शिफारस करतो. अंतिम निर्णय त्या तपासणीत भाग न घेतलेली व्यक्ती घेते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. दरम्यान वर्षातून किमान एकदा देखरेख-तपासणी होते आणि मुदत संपण्यापूर्वी पुनर्प्रमाणन करावे लागते.

तरीही या पद्धतीला मर्यादा आहेत. परीक्षक सर्व काही पाहू शकत नाही. तो नमुने पाहतो. त्याच्या भेटीपुरत्या नोंदवह्या भरून काढणाऱ्या संस्थेला कागद मिळेल, परंतु सदोष पंप ग्राहकाच्या विहिरीवर गेल्यावाचून राहणार नाही. वर्षातील काही थोडे दिवस बाहेरचा माणूस पाहतो. उरलेले दिवस संस्थेनेच स्वतःकडे पाहावयाचे असते.

ग्राहकानेही प्रमाणपत्र पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. ते कोणत्या कामासाठी व कोणत्या ठिकाणासाठी आहे? देणाऱ्या संस्थेला मान्यता आहे काय? आणि त्याची मुदत शिल्लक आहे काय? एका विभागाला मिळालेले प्रमाणपत्र संपूर्ण संस्थेचे म्हणून दाखविले जात असेल, तर ते या पहिल्याच प्रश्नाने उघडकीस येते.